पाचशेतले तीनशे सदतीस

मी स्वतः नेमबाज नाही. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात गेली १९ वर्षं क्वालिटीला आहे. मायक्रोमीटर, गेज आणि रिजेक्शनचे तांबडे ट्रे यांतच दिवस जातो. नेमबाज आहे माझी लेक. नववीत शिकते, १० मीटर एअर रायफल मारते आणि गेल्या दिवाळीपासून ६० शॉट्समध्ये ६००च्या आसपास अडकली आहे. ६५४ पैकी ६००, म्हणजे शॉटमागे सरासरी १०.०. वाईट नाही, पण पुढच्या पायरीला अजून बरंच चढायचं आहे.

खर्चाचं गणित आधी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. सरावाला ती रोज ८० छरे मारते. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ४८०, म्हणजे पाचशेचा डबा आठवड्यात संपतो. स्पर्धेतली मंडळी आरडब्ल्यूएसचे आर-१० किंवा एच अँड एनचे फिनाले मॅच वापरतात. हे जर्मन छरे उत्तम असतात, पण पगारदार माणसाला दर आठवड्याला एक डबा झेपत नाही. बाजारात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत देशी छरे मिळतात. दिसायला तेच: ४.५ मिलिमीटरचं शिसं, चपटं डोकं, बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर. रेंजवर सगळे पेलेट म्हणतात, आमच्या घरात छराच म्हणतात.

तो शब्द आजोबांचा. ते पेठ तालुक्यातले. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती आणि तिचे छरे ते घरीच शिसं वितळवून करायचे. वडील सांगायचे, नवीन ओतलेले छरे आजोबा थेट रानात कधी नेत नसत. केळीच्या खुंटावर गोणपाट गुंडाळायचं, ठरलेल्या पावलांवरून बार काढायचा, मग गोणपाट सोडून किती छरे लागले, कुठवर शिरले ते बोट घालून पाहायचं. भेकर असो की रानडुक्कर, जखमी होऊन झाडीत गेलेलं जनावर शोधायला आजोबा रात्र-रात्र हिंडायचे म्हणे, आणि तशी वेळ येऊ नये म्हणून ही आधीची तपासणी. १९७२ला वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि ते सगळं संपलं. संपलं ते बरंच झालं असं मी मनापासून म्हणतो. पण छरा आधी तपासायचा, मग त्याच्यावर भरवसा टाकायचा, ही सवय घरात राहिली असावी.

असं असूनही मी पहिल्यांदा चुकलोच, आणि तेही ज्या कामाचा मला पगार मिळतो त्याच कामात. देशी छऱ्यांचा एक डबा आणला. रेंजवर टेबलावर वाळूची उशी ठेवून लेकीने पाच-पाच शॉट्सचे तीन गट मारले. त्यातला एक गट बाहेरून बाहेर मोजला तर ५.९ मिलिमीटर. छराच साडेचारचा, म्हणजे पाचही छरे जवळजवळ एकाच भोकातून गेलेले. उरलेले दोन गट मोठे होते, ते मी तिच्या हातावर ढकलले आणि छान दिसलेला कागद खिशात घालून घरी आलो. दुसऱ्याच दिवशी सात डबे आणखी घेतले.

तीन गटांतला सगळ्यांत चांगला तेवढा धरायचा, हे कारखान्यात कोणी केलं असतं तर मी त्याचा अहवाल परत पाठवला असता. शिवाय पाच शॉट्सचा गट मुळातच कमी बोलतो. छऱ्यांचं विखुरणं सिग्मा या संख्याशास्त्रातल्या मापात मोजलं, तर टोकाच्या दोन छऱ्यांच्या केंद्रांतलं अंतर पाचांच्या गटात सरासरी सिग्माच्या तिप्पट येतं आणि दहाच्या गटात पावणेचारपट. एखादा पाचांचा गट सहज त्याच्या निम्म्याला टेकतो आणि माणूस खूश होऊन दुकानात जातो.

पुढचे तीन आठवडे लेक रेंजवरून गप्प-गप्प यायला लागली. नेमबाजीत 'कॉल' नावाची एक गोष्ट असते. ट्रिगर सुटला त्या क्षणी साइटमध्ये काय दिसलं यावरून, गुण दाखवणाऱ्या पडद्याकडे बघायच्या आधीच नेमबाज स्वतःशी सांगतो, हा शॉट कुठे गेला. चांगल्या नेमबाजाचा कॉल आणि पडदा यांत फारसा फरक पडत नाही. सर तिच्याकडून रोज वहीत कॉल लिहून घेतात. त्या तीन आठवड्यांच्या वहीत मी पाहिलं: "कॉल १०.५ उजवीकडे, पडला ९.४ खाली." "कॉल १०.३, पडला ९.१." आणि एका पानावर कॉलचा रकाना रिकामाच. विचारलं तर म्हणाली, "बाबा, मला काही कळतच नाही आता. बरोबर सुटला असं वाटतं आणि भलतीकडेच जातो. मग लिहू काय?"

हे मला फार लागलं. नाशिकमध्ये नेमबाजी म्हटलं की भीष्मराज बाम यांचं नाव निघतंच. पोलिस सेवेतले वरिष्ठ अधिकारी, पुढे आयुष्यभर खेळाडूंच्या मनावर काम केलं, २०१७ मध्ये नाशिकमध्येच गेले. या खेळात निम्मं काम मनाचं, हे या शहरातल्या नेमबाजांच्या पालकांना सांगावं लागत नाही. आणि मी माझ्या मुलीच्या हातात अशी वस्तू दिली होती, जी तिच्या मनाला खोटं सांगत होती. वाईट शॉटवर "छराच खराब असेल" आणि चांगल्या शॉटवर "माझंच काहीतरी चुकलं असेल", दोन्ही शंका एकाच डब्यातून येत होत्या.

तेव्हा ठरवलं, आता नीट करायचं. सातपूरला माझ्या एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक वायरकट, म्हणजे तारेने पोलाद कापणारं मशीन. लेथच्या कडेने सरळ रेषेत १० मीटर जागा निघते. आमची रायफल जुनी घेतलेली आहे, दाबलेल्या हवेवर चालणारी मॅच रायफल. तिची ताकद आठ ज्यूलच्या आत. आपल्याकडे .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही, पण म्हणून ती खेळणं होत नाही. सुट्टीच्या दिवशी शटर पूर्ण खाली, मागे भिंत, भिंतीपुढे तिरपी पोलादी पत्र्याची पेटी आणि पेटीत चिंध्या, चष्मा सगळ्यांना, आणि शिशाचा हात तोंडाला लावायचा नाही. मित्राच्या पोरांनाही हे नियम पहिल्या दिवशीच सांगून टाकले. चहा आला की आधी साबणाने हात.

रायफल माणसाच्या खांद्यावर ठेवून छऱ्याची परीक्षा होत नाही, ती शिकंज्यात धरावी लागते. मित्राने अॅल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांत नळीच्या मापाचा गाळा काढला, आत पातळ चामडं लावलं आणि तो ठोकळा लेथच्या बेडवर बोल्ट केला. दिसायला भक्कम. पहिल्या रविवारी आम्ही अडीच तास शॉट्स मारले, ३० कागद भरले, आणि संध्याकाळी घरी व्हर्नियर लावून बसलो तर आकडे काहीच्या काही. महागडे जर्मन छरे सकाळी ५.४ मिलिमीटरचा गट देत होते, तेच दुपारी ६.८.

इथे नोकरीची सवय कामी आली. कुठलंही गेज वापरायच्या आधी आणि वापरून झाल्यावर आम्ही मास्टर पीस, म्हणजे ज्याचं माप पक्कं माहीत आहे असा तुकडा, लावून पाहतो. मास्टरच चुकीचा वाचला तर मधली सगळी मोजणी रद्द. जर्मन छरे हा माझा मास्टर होता. तो हलला याचा अर्थ छरे बदलले नव्हते, शिकंजा बदलला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चामडं दाबून बसलेलं आणि एक बोल्ट बोटाने फिरत होता. ३० कागद बाजूला ठेवले. मित्र म्हणाला, "त्यातले सकाळचे तरी घे." घेतले नाहीत. चामड्याच्या जागी नायलॉनचा तुकडा टाकला, बोल्टला लॉकनट लावले आणि प्रत्येक दहा गटांनंतर मास्टरचा एक गट मारायचा असं ठरवलं.

आता खरी मोजणी. तीन प्रकार घेतले: जर्मन मॅच छरे, माझे देशी छरे, आणि मधल्या किमतीचे, आयात केलेलेच पण सरावासाठी म्हणून विकले जाणारे. त्यांची किंमत मॅच छऱ्यांच्या साठ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येकाचे दहा शॉट्सचे दहा गट. छरा बदलला की आधी १५ छरे नुसते मारून टाकायचे, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो आणि नवीन छऱ्याला ती 'बसायला' वेळ लागतो. सिलिंडरचा दाब दर गटाआधी बघायचा. प्रकारांचा क्रमही फिरता ठेवला, नाहीतर सकाळच्या गारव्याचा फायदा एकालाच मिळाला असता. दोन रविवार गेले.

मॅच छऱ्यांचा सरासरी गट ५.४ मिलिमीटर, सगळ्यांत मोठा ५.८. मधल्यांचा ६.१, सगळ्यांत मोठा ६.९. देशींचा ७.३, आणि सगळ्यांत मोठा ९.२. त्या ९.२च्या कागदावर नऊ छरे एकत्र आणि एक चक्क वेगळा, शेजारी जाऊन बसलेला. शिकंज्यात खांदा नाही, श्वास नाही, नाडी नाही. तरी एक छरा शेजारी गेला. तो कागद मी लेकीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते." मी म्हटलं, "काही वेळा, हो."

या मिलिमीटरांचा गुणांशी संबंध काय, तेही सांगतो, कारण रेंजवरच्या बऱ्याच पालकांना हे माहीत नसतं. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. पण छऱ्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणून छऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असलं की १०.०, आणि तिथून आत दर पाव मिलिमीटरला दशांश एकाने वाढतो, १०.९ला केंद्र पाव मिलिमीटरच्या आत लागतं. २००८ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्ण घेतलं. तो छरा मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत पडला होता. तिथे पाव मिलिमीटरही मोठा असतो. माझ्या लेकीचं तसं नाही. तिचे शॉट्स सरासरी मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आसपास पडतात, आणि तिचं विखुरणं व छऱ्याचं विखुरणं यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं. तसं केलं तर देशी छऱ्यांमुळे तिचं ६० शॉट्समागे साडेतीन गुणांच्या आसपास नुकसान होतं. मधल्यांनी एक गुण.

साडेतीन गुण फार नाहीत, असं मी आधी म्हणालो असतो. पण वही वाचल्यावर मला ते गुण महत्त्वाचे वाटेनासे झाले. रोज ८० शॉट्सपैकी सहा-सात जरी कॉलला फसवून गेले, तरी मुलगी उरलेल्या ७३ शॉट्सवरही विश्वास ठेवत नाही. ते नुकसान स्कोअरच्या पट्टीवर दिसत नाही.

पण देशी छऱ्यांचे उरलेले डबे घरात पडलेले. त्यातला एक निम्मा संपलेला, बाकीचे भरलेले. ते फेकून देणं मला जमलं नसतं. मग देशी छऱ्यांत नेमकं काय बिघडलंय ते शोधायला बसलो, आणि खरं सांगतो, या सगळ्यातला मला सगळ्यांत आवडलेला भाग हाच.

आधी वजन पाहू म्हटलं. सराफ बाजारात माझा शाळेतला एक मित्र आहे. त्याच्याकडे हिऱ्यांसाठीचा काचेच्या पेटीतला काटा आहे; पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलतो म्हणून पेटी. रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही चिमट्याने एकेक छरा ठेवून शंभर छरे तोलले. मित्राचे वडील गादीवर बसून बघत होते. पहिला छरा तोलल्यावर म्हणाले, "साडेचार गुंजासुद्धा भरला नाही रे." सरासरी ०.५२८ ग्रॅम, सगळ्यांत हलका ०.५१७, सगळ्यांत जड ०.५४१. मला वाटलं, सापडला गुन्हेगार. हलके छरे जोरात जाणार, जड छरे सावकाश. हिशोबही केला: १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने छरा १० मीटरला जाईपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतो, वेग तीन मीटरने घटला तर आणखी ०.६ मिलिमीटर. वजनाच्या या फरकाने वेग सरासरीपासून दोन मीटरच्या आसपास हलतो, म्हणजे जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर, तोही फक्त टोकाच्या छऱ्यांना. ९.२चा गट त्यातून निघत नव्हता.

मग डोकं. छऱ्याचं डोकं नळीतल्या आट्यांवर टेकून पुढे सरकतं आणि त्यामागचा घेर हवेच्या दाबाने फुगून नळी बंद करतो. डोकं लहान पडलं की छरा नळीत डुगडुगतो. चांगल्या कंपन्या म्हणूनच ४.४९, ४.५०, ४.५१ असे वेगवेगळे डबे विकतात. शिसं मऊ, मायक्रोमीटरने मोजलं तर मोजता मोजताच दबतं. आमच्या कारखान्यात प्रोफाइल प्रोजेक्टर आहे, वस्तूची सावली मोठी करून पडद्यावर टाकतो, हात न लावता माप मिळतं. साहेबांची रीतसर परवानगी घेतली, शिफ्ट सुटल्यावर थांबलो आणि ५० छरे मोजले. डब्यावर छापलंय ४.५०. आत ४.४७पासून ४.५२पर्यंत सगळे. आणि ते सलग पसरलेले नव्हते, ढीग-ढीग पडत होते. माझा अंदाज असा की तीन-चार वेगवेगळ्या डायचा, म्हणजे साच्यांचा माल एकाच डब्यात भरला जातो. आमच्याकडे दोन मशीनचे पार्ट एका बिनमध्ये मिसळले की असाच आलेख दिसतो.

पण प्रोजेक्टरवर पाचशे छरे कोण मोजणार? सातपूरच्या मित्राने पोलादाच्या पट्टीत वायरकटवर दोन भोकं काढून दिली, एक ४.४८५चं आणि एक ४.५०५चं. छरा डोक्याकडून भोकात सोडायचा. लहान भोकात डोकं गेलं तर तो लहान. तिथे अडला पण मोठ्यात गेला तर मधला. दोन्हीकडे अडला तर मोठा. दाबायचं अजिबात नाही, आपल्या वजनाने जाईल तेवढंच. अर्ध्या तासात लेकीचा हात माझ्यापेक्षा जलद चालायला लागला.

एका डब्याचा हिशोब असा निघाला. आधी नुसत्या डोळ्यांनी ४१ बाद: घेर चेपलेले, कडेला शिशाची साल लोंबणारी, एक-दोन तर कंबरेतच वाकडे. उरलेल्या ४५९ मध्ये लहान १२२, मधले २३६, मोठे १०१. तिन्ही ढीग पुन्हा शिकंज्यावर. मधल्यांचा गट ६.२ मिलिमीटर. मोठ्यांचा ६.४. लहानांचा ८.१. तो शेजारी जाऊन बसणारा छरा लहानांच्या ढिगातच राहत होता. मधल्यांतून पुन्हा वजनाने निवडलेले मारले तर ६.१, त्या एक दशांशासाठी सराफाकडे रात्र काढण्यात अर्थ नाही, वजन सोडून दिलं.

मध्ये एक चूक झाली तीही सांगतो. डब्यात शिशाचा चुरा होता म्हणून मी छरे कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुतले, जुन्या धोतरावर पसरले, वाळवले आणि डबा बंद करून ठेवला. आषाढ चालू होता. दहा दिवसांनी उघडला तर छऱ्यांवर पांढरी भुकटी. धुताना वरचं तेल गेलं आणि दमट हवेत उघडं शिसं गंजलं. ती भुकटी विषारी, हाताला लागू द्यायची नाही. तो सगळा डबा बाद केला. आता धुतल्यावर स्वच्छ फडक्यावर मशीन ऑइलचे दोन थेंब टाकून छरे त्यात हलकेच घोळवतो. आणि धुण्याचं भांडं वेगळं, त्यावर तांबडा रंग मारलाय, ते स्वयंपाकघरात येत नाही. हिने ती अट घातली आणि ती बरोबरच होती.

तर पाचशेतले ३३७ छरे कामाचे. तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीचा डबा असा निवडून घेतला की तो मॅच डब्याच्या निम्म्या किमतीला पडतो. मधल्या किमतीचे आयात छरे साठ टक्क्यांना, न निवडता, तितकाच गट देतात. म्हणजे दर डब्यामागे दीड-दोन तास मान मोडून दहा टक्के वाचतात. माझ्या घरापुरता मी निकाल लावला: सरावाला मधला डबा, स्पर्धेला आणि स्पर्धेआधीच्या आठवड्याला मॅच छरे. देशी पुन्हा घेतले नाहीत.

मात्र हा निकाल सगळ्यांना लावता येत नाही, हे रेंजवर कळलं. स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, त्यानंतर आमच्या रेंजवर मुलांची रीघ लागली. कोल्हापूरकडच्या एका गावातल्या मुलाने ते केलं, हे खेड्यातल्या पोरांनीही पाहिलं होतं. त्यातला एक सिन्नरकडून बसने येतो. वडिलांची कांद्याची शेती. रेंजची रायफल वापरतो आणि महिन्याला देशी छऱ्यांचे दोन डबे जेमतेम घेऊ शकतो. त्याच्यासाठी मधला डबाही महाग. पण रविवारची दुपार त्याच्याकडे असते. ज्याच्याकडे पैसे नाहीत आणि वेळ आहे, त्याला निवडणं परवडतं. माझे उरलेले डबे त्याच्या हवाली केले आणि पट्टी कशी वापरायची ते शिकवलं. मित्राने वायरकटवर आणखी चार पट्ट्या काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. आता रेंजच्या बाकावर दोन-तीन पोरं हातमोजे घालून छरे टाकत बसलेली दिसतात. लहान डोक्याचे छरेही वाया जात नाहीत. टार्गेट न लावता फक्त पवित्रा, श्वास आणि ट्रिगर घोटायचा असतो, तिथे छरा कुठे जातो याने फरक पडत नाही, ते त्यासाठी वेगळ्या बाटलीत.

छरे विकणाऱ्या आपल्याकडच्या कारखानदारांना मला एक मनापासून सांगायचंय. तुमचं शिसं चांगलं आहे, घेर चांगला आहे, मोठ्या डोक्याचा मालही चांगला चालतो. फक्त डायचा माल एकमेकांत मिसळू नका आणि डब्यावर खरं माप छापा. एवढं केलंत तर सिन्नरच्या त्या मुलाचे महिन्यातले कित्येक तास सरावाला मिळतील.

गेल्या शनिवारी रेंजवर लेकीच्या मागे बसलो होतो. चौतिसावा शॉट सुटला, पडद्यावर ८.९. पूर्वी अशा वेळी ती डब्याकडे बघायची. या वेळी तिने पडद्याकडेही उशिरा पाहिलं. आधी वहीत लिहिलं, मग मान वर केली. मधल्या वेळेत मी वही पाहिली. "कॉल ९.०, खाली डावीकडे. कोपर सुटला." पुढच्या ओळीत पस्तिसावा, १०.६.

मधल्या छऱ्यांचे नवे डबे काल आलेत. लॉट नंबर बदललाय. मित्राला फोन केला आहे, रविवारी शटर आठला खाली घेऊ म्हणालाय.